खंडेनवमीचं बोट

लग्नाच्या जेवणात कुणीतरी माझी ओळख करून देतं, "ह्या पोलिसात होत्या, बोटांचे ठसे बघायच्या," आणि पुढच्याच मिनिटाला शेजारच्या खुर्चीवरची बाई तळहात माझ्यापुढं पसरते. "बघा की वो मॅडम, पोराचं लगीन कवा जमतंय?" सुरुवातीला मी समजावून सांगायची, की ते शास्त्र वेगळं आणि माझं वेगळं. आता सांगत नाही. हात उलटासुलटा बघते आणि म्हणते, "जमेल, पण मुलगी तोच आणेल. तुम्ही फक्त हो म्हणा." बाई दचकते. आयुष्यात मी सांगितलेलं हे एकच भविष्य, आणि ते बहुतेक वेळा खरं निघालं आहे.

माझे वडील शाळामास्तर. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी पोलिसांच्या ठसे शाखेत जाते म्हटल्यावर त्यांनी दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "तिथं करणार काय?" म्हटलं, बोटं बघणार. "मग शाळेतच ये. पोरांची बोटं शाईनं भरलेलीच असतात, वेगळी शाई लावायला नको." मी गेले ती गेलेच. निवृत्त होईपर्यंत कोल्हापूर सोडलं नाही, आणि भिंगही.

काम काय ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बोटाच्या टोकाच्या पेरावर बारीक रेषा असतात. आईच्या पोटात असतानाच त्या घडतात आणि माणूस जाईपर्यंत त्यांची मांडणी बदलत नाही. काहींच्या बोटावर रेषा वळून माघारी फिरतात, त्याला आपल्याकडच्या आज्या शंख म्हणतात. काहींच्या गोल फिरतात, ते चक्र. काहींच्या नुसत्याच कमानीसारख्या उठून उतरतात. पण शंख काय, निम्म्या गावाच्या बोटावर सापडेल. आम्ही बघतो ते त्याच्या आत. एखादी रेषा मध्येच संपते, एखादीला फाटा फुटतो, दोन रेषांच्या मध्ये एखादा तुकडाच राहतो. कुठली खूण कुठं, तिच्यापासून किती रेषा सोडून दुसरी खूण, हे मोजत जायचं. घटनास्थळावरचा ठसा एका बाजूला, संशयिताच्या दहा बोटांची पत्रिका दुसऱ्या बाजूला. आमच्याकडे आठ खुणा जागच्या जागी जुळल्या आणि कारण सांगता येणार नाही असा एकही फरक निघाला नाही, की मग 'एकाच बोटाचे ठसे' असं लिहून खाली सही करायची. सात जुळल्या आणि एक नडली, तर सही नाही. टीव्हीवर संगणक टुंग करून वाजतो आणि आरोपीचा फोटो येतो, तसं काही नसतं. संगणक आता खरंच आहे, पण तो फक्त नावांची यादी काढून देतो. त्यातला माणूस कोण, हे आजही डोळ्यानंच ठरतं.

आणि डोळ्याला आधी ठसा मिळाला तर पाहिजे. उचगावला एका घरी चोरी झाली. आम्ही पोचलो तर कपाट लखलखत होतं. घरच्या वहिनींनी ओल्या फडक्यानं पुसून, वर कोरडा हात फिरवून ठेवलेलं. मी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, "मग? पोलीस येनार म्हटल्यावर घर तसंच घाण ठेवायचं व्हय? पावणं काय म्हनतील?" पावणं म्हणजे आम्ही. चोरानं हात लावला असेल ते कपसुद्धा घासून ठेवलेले, आणि त्यांतच आम्हाला चहा मिळाला. तरीही त्या चोरीचा ठसा मी काढला. वहिनी फडकं मारायचं विसरल्या ती जागा म्हणजे ड्रॉवरच्या तळाची बाजू, आणि चोरानं ड्रॉवर तिथंच धरून उपसला होता. या कामात डोळ्यांपेक्षाही एक सवय महत्त्वाची. हात लावायच्या आधी उभं राहून बघायचं. आधी डोळे, मग फोटो, मग पावडर. शिकाऊ पोरांना मी हे इतक्या वेळा सांगितलं की ती माझी नक्कल करायची.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते. त्यात ही सवय मीच मोडली होती. हे छापून आल्यावर आमच्यातले काही जुने सहकारी नाराज होतील. होऊ देत. निवृत्तिवेतन सुरू झालेलं आहे.

शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री. नाव सांगत नाही. तिथं लोखंड ओततात. ओतायच्या आधी काळ्या वाळूत नमुना दाबून त्याच्या आकाराची पोकळी करावी लागते. ते काम करणारा मोल्डर, आणि तो जो नमुना वाळूत दाबतो त्याला पॅटर्न म्हणतात. महत्त्वाच्या कामाचे पॅटर्न पितळी असतात आणि ते वेगळ्या खोलीत, लोखंडी कपाटात, कुलपात राहतात. दसरा होऊन दोन आठवडे झाले आणि दिवाळीच्या तोंडावर त्या कपाटातला पितळी पॅटर्नचा जोड गेला. कुलूप न तोडता, किल्लीनं.

मला बोलावणं आलं तेव्हा त्या दिवसातली ती तिसरी जागा होती. खोलीत मालक, सुपरवायझर, दोन पंच, एक हवालदार आणि दारात उभे असलेले निम्मे कामगार. सगळ्यांचं एकच, मॅडम, किती वेळ? कपाट फिकट करड्या रंगाचं, वर फाउंड्रीची काळी धूळ. मी ब्रश काढला, काळी पावडर घेतली आणि दारावर फिरवली. आधी बघितलं नाही. फोटोही पावडर मारल्यावर काढला. दाराच्या मधोमध, माझ्या छातीच्या उंचीवर एक सुंदर ठसा उठला. पूर्ण, सपाट, कुठं फराटा नाही. इतका चांगला ठसा वर्षातून एखादाच मिळतो. मी खूश झाले, टेपवर उचलला, पांढऱ्या कार्डावर चिकटवला आणि घरी गेले.

कामगारांच्या बोटांच्या पत्रिका आल्या. जुळला तो मारुतीचा. मारुती म्हणजे मोल्डिंग खात्यातला जुना माणूस, राहायला उचगावात, घरी बायको आणि कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली. त्याच्या जबाबात लिहिलेलं होतं, 'मी पॅटर्नच्या खोलीत कधीही गेलो नाही.' मोल्डरला त्या खोलीत जायची परवानगी नसते, पॅटर्न त्याला खिडकीतून मिळतो. कधी गेलो नाही म्हणणाऱ्याचा ठसा कपाटाच्या दारावर! तपास अधिकाऱ्याला आणखी काय पाहिजे होतं? मी आठ जुळतात का बघायला बसले आणि अकरा जुळल्या. सही केली. मारुतीला अटक झाली, दीड महिन्यानं जामीन मिळाला, कामावरून त्याला कमी केलं. पॅटर्न सापडले नाहीत. मी पुढच्या फायलीकडे वळले. अभिमानानं सांगते, माझी सही म्हणजे शिक्षा, असं तेव्हा कोर्टात बोललं जायचं.

खटला उभा राहीपर्यंत वर्ष होत आलं. साक्षीच्या आधी आम्ही दोन्ही ठसे मोठे करून, जुळणाऱ्या खुणांवर आकडे घालून तक्ता बनवतो. तो बनवताना मी सवयीनं खाली लिहिलं, 'उजवा हात, अनामिका.' आणि पेन थांबलं.

कपाट उघडणारा माणूस दाराला हात लावतो तो अंगठ्यानं, तर्जनीनं, फार तर चार बोटं मिळून. एकटी अनामिका, टोक वर करून, दाराच्या बरोब्बर मधोमध, हलकी दाबून परत उचललेली? चोरी करताना कोण असं बोट लावतं? मी स्वतःचा हात हवेत धरून तसं करून बघितलं. आणि माझ्या हातानंच मला सांगितलं. रोज सकाळी देव्हाऱ्यासमोर मी तेच बोट तसंच लावत होते. आपण अनामिकेनं एकच काम करतो, कुंकू लावतो.

कार्ड काढून भिंगाखाली धरलं. काळ्या रेषांच्या कडेला, टेपच्या खाली, लाल कण. चार-पाचच. पण होते. ते वर्षभर तिथंच होते आणि मी अकरा खुणा मोजताना त्यांना घाण समजून सोडून दिलं होतं. खूप लाज वाटली, ती आजही वाटते. पावडर मारण्याआधी मी दोन मिनिटं उभी राहिले असते तर त्या दारावरचं फिकट झालेलं कुंकू मला नुसत्या डोळ्यांनी दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी फाउंड्रीत गेले. कुणाला विचारून गेले नाही. त्या वर्षीची खंडेनवमी नुकतीच झालेली, भट्टीपासून कंप्रेसरपर्यंत प्रत्येक यंत्राच्या कपाळावर कुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. पॅटर्नच्या खोलीत कपाटालाही. सुपरवायझरला विचारलं, ही पूजा कोण करतं?

"दर खात्याचा एक मानूस असतोय की मॅडम. भट्टीचा भट्टीकडनं, मशीनशॉपचा तिकडनं. सगळी मिळून सगळीकडं फिरत्यात, एकेक जन एकेका वस्तूला कुक्कू लावतोय."

"मोल्डिंगकडून कोण?"

"आता दुसरा हाय. आदी मारुतीच असायचा, लई वर्सं."

"गेल्या वर्षी या कपाटाला कुणी लावलं?"

त्यानं कपाटावरच्या फुलाकडं बघितलं. मग म्हणाला, "पॅटर्नचं कपाट म्हंजे मोल्डिंगचाच मान. त्येनंच लावलं असनार."

"मग हे पोलिसांना का नाही सांगितलं?"

"कुनी इच्यारलं न्हाय."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मारुतीनं 'कधी गेलो नाही' का सांगितलं, हे मला पुष्कळ वर्षांनी त्याच्याच तोंडून कळलं. तो म्हणाला, "पूजेला गेलतो की. पन देवाच्या कामाला जानं म्हंजे काय खोलीत जानं व्हय? ते काय माझं जानं न्हवं." जबाब घेणाऱ्यानं विचारलं खोलीत गेला होतास का, यानं प्रामाणिकपणे नाही म्हटलं. देवळात गेलेला माणूस देवाच्या घरात घुसलो असं कधी म्हणेल?

मी आमच्या शाखेच्या साहेबांकडे गेले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी कार्ड बघितलं, लाल कण बघितले आणि खुर्चीत मागे रेलले. "ठसा त्याचाच आहे ना?"

"त्याचाच आहे."

"मग तुमचा रिपोर्ट बरोबर आहे. कोर्टात विचारतील तेवढं सांगा. ठसा कुणाचा हे आपलं काम. कधीचा आणि कशासाठी हे तपास अधिकाऱ्याचं."

"आणि त्यांनी ते केलं नसेल तर?"

"तर वकिलाचं. मॅडम, तुम्ही स्वतःच्याच हातानं स्वतःची सही पुसणार आहात, लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक खटल्यात हे तुमच्या तोंडावर मारतील."

साहेबांचं एक म्हणणं खरं होतं. ठसा कुणाचा ते सांगतो, कधीचा ते सांगत नाही. हे वाक्य मीच शिकाऊ पोरांना शिकवायची. पण माझा कागद कोर्टात पोचला की लोक त्यात 'कधी' आपल्या मनानं घालून वाचतात, हे मला माहीत होतं आणि इतकी वर्षं मी ते चालू दिलं होतं, कारण त्यानं माझी पत वाढत होती.

कोर्टात मारुती पिंजऱ्यात उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच बघितलं, तोपर्यंत फक्त बोटं बघितली होती. बुटका, वाकलेला माणूस, पांढरा सदरा घडीच्या खुणांसकट. माझ्याकडं बघत नव्हता. सरकारी वकिलांनी तक्ता माझ्या हातात दिला.

"हा ठसा आरोपीचा आहे?"

"आहे."

"काही शंका?"

"शंका नाही."

"बस्, मॅडम."

"बस् नाही, साहेब. मला आणखी सांगायचं आहे."

सरकारी वकील वळून माझ्याकडं बघत राहिले. आरोपीच्या वकिलांची तर वेगळीच तऱ्हा. ते रात्रंदिवस 'ठसा माझ्या अशिलाचा नाहीच' हे सिद्ध करायची तयारी करून आले होते, त्यांनी घाईनं उठून हरकत घेतली. म्हणजे ज्याला मी सोडवायला निघाले होते त्याचाच वकील मला गप्प बसवत होता! न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि विचारलं, "काय सांगायचं आहे?"

मी सांगितलं. ठसा अनामिकेचा आहे. दाराच्या मध्यावर, एकटा आहे. त्यात कुंकवाचे कण आहेत. मी पावडर मारण्याआधी बघितलं नाही, फोटो काढला नाही, ही माझी चूक. ठसा किती दिवसांचा हे सांगण्याची कुठलीही परीक्षा माझ्याकडं नाही, पण कुंकू लावायचा दिवस त्या कारखान्यात वर्षातून एकदा येतो आणि तो चोरीच्या आधी येऊन गेला होता. माझ्या अहवालावरून हा माणूस चोरीच्या वेळी तिथं होता असा अर्थ काढला असेल, तर तो अर्थ माझ्या अहवालात नाही.

माझा आवाज खणखणीत निघाला. पिंजऱ्यातल्या माणसानं पहिल्यांदा मान वर केली.

न्यायाधीशांनी कार्ड तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलं आणि सुपरवायझरला साक्षीला बोलावलं. काही महिन्यांनी निकाल लागला. मारुती सुटला. त्या दिवशी मला कोर्टात काम नव्हतं, तरी मी गेले. बाहेर झाडाखाली तो, बायको आणि दोघी मुली उभ्या होत्या. मला बघून तो पुढं आला.

"तुमीच अडकवलं, तुमीच सोडवलं," तो म्हणाला. "आता तुमाला हात जोडू का बोटं मोडू?"

"दोन्ही करा," मी म्हटलं. "दोन्हीचा हक्क आहे तुम्हाला."

त्यानं दोन्हींपैकी काहीच केलं नाही. नुसता निघून गेला. फाउंड्रीनं त्याला परत घेतलं नाही. निर्दोष सुटलेल्या माणसालाही लोक 'त्यो पितळंवाला' म्हणत होते, हे माझ्या कानावर यायचं. त्याच्या आयुष्यातलं ते दीड वर्ष मला परत करता येत नाही आणि कुठल्याही मोठेपणानं ते भरून निघत नाही. खरा चोर कोण, ते मला आजपर्यंत माहीत नाही. एवढंच माहीत आहे, की माझ्या ठशावर विसंबून त्याला शोधायचंच राहून गेलं.

साक्ष दिल्यावर आठवड्याभरातच माझ्या हातात मेमो आला होता. विचारलेल्या प्रश्नांच्या मर्यादेबाहेर जाऊन विधान का केलं, खुलासा करा. मी एका ओळीत खुलासा केला, 'मला शपथ संपूर्ण सत्य सांगण्याची दिली होती, विचारले तेवढे सांगण्याची नाही.' तो मेमो मी फ्रेम करून दिवाणखान्यात लावला आहे. पदवीचं प्रमाणपत्र कपाटात आहे.

साहेबांचं भाकीत तंतोतंत खरं ठरलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकही उलटतपासणी अशी गेली नाही की वकिलानं कोट सारखा करत विचारलं नाही, "त्या तुम्हीच ना, स्वतःच्या अहवालावर पाणी ओतणाऱ्या?" मी दर वेळी सांगितलं, "होय, मीच. चूक सापडली तर आजही ओतीन. तुम्ही शोधून दाखवा." इचलकरंजीच्या एका खटल्यात वकिलांनी हे विचारून झाल्यावर न्यायाधीशच म्हणाले, पुढचा प्रश्न घ्या. माझी सही म्हणजे शिक्षा, असं त्यानंतर कुणी म्हणालं नाही. बरं झालं. सहीनं शिक्षा होऊ नये, पुराव्यानं व्हावी.

निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या वर्षी एक फोन आला. बाईचा आवाज. "मॅडम, मी उचगावची, मारुतीची मालकीन. खंडेनवमी हाय. ह्यांनी बलिवलंय. म्हंजे, मीच बलिवलंय, पन ह्यांनी न्हाय म्हटलं न्हाय."

पत्र्याची शेड, भाड्याची. मारुती आणि त्याचे दोन जुने सोबती हातानं वाळूचे साचे भरून लहान फाउंड्र्यांना देतात. वाळू चाळायची चाळण, फावडी, ठोकणी, सगळं धुऊन ओळीनं मांडलेलं. कोपऱ्यात एक जुनं लोखंडी कपाट, त्यात गिऱ्हाइकांचे पॅटर्न. मारुती माझ्याशी फार बोलला नाही. चहा दिला, बसा म्हणाला. सगळ्या हत्यारांना कुंकू लावून झालं आणि कपाट राहिलं तेव्हा त्यानं ताट माझ्यापुढं धरलं.

"तुमी लावा."

"मी? मान तुमचा आहे."

"म्हनून तर मी देतोय."

मी अनामिका कुंकवात बुडवली आणि दाराच्या मधोमध नेली. बोट टेकणार, तोच मागून त्याचा आवाज आला, "मॅडम, नीट दाबून लावा की. अर्धवट उठला तर मागनं तुमच्याच लोकांची पंचाईत." त्याचे सोबती हसले. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. तो स्वतः हसला नाही, पण ताट तसंच धरून उभा राहिला.

मी दाबून लावलं. उजव्या हाताची अनामिका, चक्र, मधल्या रेषेला एक फाटा. उद्या त्या शेडमध्ये काही गेलंच, तर कपाटावरचा ठसा माझा निघेल. कुणी विचारायच्या आत मीच इथं लिहून ठेवते, त्या खोलीत मी गेले होते.